‘जाईल ना पूर्ण?’ – जुनाट दुखण्याच्या उपचारांची गोष्ट

दिवाळीच्या सुमारास बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या रस्त्यांचे रूप बदलते. माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर, बिजवडी येथल्या साखर कारखान्यांकडे बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांची रीघ लागते. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, कारखान्यालगत त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. या भागातल्या शिक्षकांना हे नवे नाही. त्यांच्या वर्गात नोव्हेंबरात काही नवी मुले येऊन बसतात आणि वार्षिक परीक्षेच्या आधीच ती निघूनही जातात.

या मुलांच्या आईवडिलांचे काम पहाटे सुरू होते. नवराबायकोच्या जोडीला इथे ‘कोयता’ म्हणतात. एकाने वाकून ऊस बुडातून तोडायचा, दुसऱ्याने साळायचा, मोळ्या बांधायच्या, आणि मग पंधरा-वीस किलोंची किंवा त्याहून जड मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचे. असे दिवसातून कितीतरी वेळा, आणि पाच-सहा महिने. यात कंबर दुखणार नाही तर काय होईल? कोणाची ‘उसण भरते’, कोणाच्या ‘मणक्यात गॅप’ निघते, कोणाचा खांदा रात्रभर ठणकतो. मग बाजाराच्या दिवशी दवाखाना गाठायचा, एक इंजेक्शन, चार गोळ्या, आणि निघता निघता एक प्रश्न : “डॉक्टर, पूर्ण जाईल ना?”

हा प्रश्न फक्त तोडणी कामगारांचा नाही. खडूने फळ्यावर लिहून खांदा धरलेल्या बाईंचा आहे, गुडघे धरून जिना उतरणाऱ्या आजोबांचाही आहे. कंबरदुखी ही एकच तक्रार धरली, तरी २०२० मध्ये जगातल्या सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना ती होती, असा अंदाज आहे. प्रश्न साधा आहे, पण त्याचे प्रामाणिक उत्तर सापडायला विज्ञानाला तीनशे वर्षे लागली. ती गोष्ट थोडक्यात पाहू.

पाणी आले, ऊस आला

आधी या जमिनीविषयी दोन शब्द. बारामती-इंदापूर हा मुळात अवर्षणाचा पट्टा. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात नीरा कालव्याचे काम दुष्काळी काम म्हणून हाती घेतले गेले आणि १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी सुटले. पाण्यामागून ऊस आला, गुऱ्हाळे आली. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला. १९५० आणि १९६० च्या दशकांत सहकारी कारखाने निघाले. ऊस वाढला तसे तोडणाऱ्या हातांची गरज वाढली, आणि ते हात कोरडवाहू जिल्ह्यांतून येऊ लागले. आता काही फडांत तोडणी यंत्र दिसते, पण बराच ऊस आजही कोयत्यानेच तुटतो. म्हणजे या भागातल्या कंबरदुखीला शंभराहून अधिक वर्षांचा आर्थिक इतिहास आहे. हे लक्षात ठेवू, शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

घंटेची दोरी

मराठीत ‘दुखणे’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. डोके दुखते तेही दुखणे, आणि आजारपण तेही दुखणे. ‘दुखणेकरी’ म्हणजे आजारी माणूस. भाषेने नकळत एक समजूत पक्की केली आहे : दुखते आहे, त्या अर्थी तिथे काहीतरी बिघडले आहे, आणि तो बिघाड दुरुस्त झाला की दुखणे जाईल.

युरोपात याच समजुतीला रेने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने यंत्राचे रूप दिले. त्याच्या मृत्यूनंतर १६६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात एक चित्र आहे. एक मुलगा बसला आहे, त्याचा पाय विस्तवाजवळ आहे. विस्तवाचे कण त्वचेला धक्का देतात, त्वचेपासून निघालेला एक बारीक धागा ओढला जातो, आणि देवळात खालून दोरी ओढली की वर घंटा वाजावी तसे मेंदूत दुखणे ‘वाजते’.

चित्र सोपे आणि सुंदर आहे. ताज्या दुखापतीपुरते ते बरेचसे खरेही आहे. पण त्यातून तीन निष्कर्ष आपोआप निघतात. एक, जितकी जखम मोठी तितके दुखणे मोठे. दोन, जखम दिसत नसेल तर दुखणे खोटे, म्हणजे ‘मनाचे’ किंवा कामचुकारपणाचे. तीन, दोरी कापली की घंटा बंद. पुढच्या काळातले बरेचसे वैद्यक या तीन निष्कर्षांवर चालले. दुखणे थांबावे म्हणून शल्यविशारदांनी चेतातंतू कापले, मेरुरज्जूतले मार्गही कापले. काहींना आराम पडला, पण पुष्कळांचे दुखणे काही महिन्यांनी परत आले, कधी आधीपेक्षा वाईट होऊन. दोरी तुटलेली, आणि घंटा मात्र वाजतेच आहे!

चित्राला तडे

पहिले मोठे तडे युद्धांनी पाडले. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) सायलस वेअर मिचेल या डॉक्टरने चेतातंतूंना गोळी लागलेले शेकडो सैनिक तपासले. काहींची जखम कधीच भरून आली होती, तरी हाताची अशी आग होई की कपड्याचा स्पर्शही सहन होत नसे. काहींचा पाय कापलेला होता, पण नसलेला पाय दुखत होता. अशा अवयवाला त्याने ‘भूत-अवयव’ अशा अर्थाचे नाव दिले. म्हणजे जखम नसताना दुखणे असू शकते.

दुसऱ्या महायुद्धात याची उलट बाजू दिसली. हेन्री बीचर हा अमेरिकन भूलतज्ज्ञ इटलीतल्या आघाडीवर होता. गंभीर जखमी सैनिकांना तो विचारी, “दुखण्यासाठी काही औषध हवे का?” त्यांच्यातल्या सुमारे पाऊण हिश्श्याने नको म्हटले. १९४६ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. ते सैनिक शुद्धीवर होते, बधिरही नव्हते. सुई टोचताना ते कुरकुरत होतेच! पण त्यांच्या दृष्टीने जखम म्हणजे जिवंत घरी जाण्याचा परवाना होता. आपल्याकडच्या आखाड्यातही हे दिसते. बोट निखळल्याचे पैलवानाला कळते ते कुस्ती सुटल्यावर. म्हणजे जखम असूनही दुखणे नसू शकते.

दोन्ही बाजूंनी देकार्तचे चित्र अपुरे ठरले. जखम आणि दुखणे यांच्यामध्ये कोणीतरी बसले आहे, आणि ते संदेश अडवते किंवा वाढवते.

फाटक

१९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक हा कॅनडातला मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हा इंग्रज चेताशास्त्रज्ञ यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यांची कल्पना अशी : त्वचा, स्नायू, सांधे यांच्याकडून येणारे संदेश मेरुरज्जूत शिरतात तिथे एक प्रकारचे फाटक आहे. बारीक तंतूंवरून दुखापतीचा संदेश येतो. जाड तंतूंवरून स्पर्श, दाब, चोळणे यांचे संदेश येतात, आणि ते फाटक थोडे लोटून घेतात. शिवाय वरून, मेंदूकडूनही हुकूम येतात. भीती, काळजी, एकटेपणा फाटक उघडतात. लक्ष दुसरीकडे असणे, धीर, विश्वास फाटक लावतात.

फाटकाच्या रचनेचे त्यांनी मांडलेले तपशील पुढे बरेच बदलले, पण मूळ विचार टिकला. कोपर आपटले की आपण चोळतो, पडलेल्या मुलाला आई जवळ घेऊन फुंकर घालते, यांना आता शरीरशास्त्रात जागा मिळाली.

आपले जुने गावठी उपायही या प्रकाशात वेगळे दिसतात. दुखऱ्या सांध्याला बिब्बा लावणे, तुंबडी लावणे, तापलेल्या सळईचा डाग देणे हे उपाय खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. सुश्रुतसंहितेत अग्निकर्माचा स्वतंत्र अध्याय आहे. एका दुखण्यावर दुसरे तीव्र दुखणे चढवले की पहिले काही काळ मंदावते, याचे शास्त्रीय प्रयोग मेल्झॅकने १९७० च्या दशकात केले. तेव्हा डाग घेऊन आलेला माणूस ‘बरे वाटले’ म्हणतो ते खोटे नसते. पण ते बरे वाटणे थोड्या वेळाचे असते, आणि बिब्ब्याचे तेल त्वचा जाळते, डागाची जखम चिघळते ही किंमत त्याला वेगळी मोजावी लागते. म्हणून हे उपाय करू नयेत. पण एक धडा घ्यावा : उपचारानंतर लगेच आराम पडला, एवढ्यावरून उपचाराने मूळ कारण दूर केले असे ठरत नाही. हा धडा बिब्ब्याला लागू आहे, तसाच बाजाराच्या दिवशी घेतलेल्या इंजेक्शनलाही लागू आहे.

पैलवान डॉक्टर

या कथेतला सर्वांत विलक्षण माणूस एक पैलवान होता. जॉन बोनिका १९१७ मध्ये इटलीतल्या सिसिलीजवळच्या एका बेटावर जन्मला आणि लहानपणी अमेरिकेत आला. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी तो नाव बदलून, कधी तोंडावर बुरखा घेऊन, व्यावसायिक कुस्त्या खेळे. त्या कुस्त्यांनी त्याचे कान, खांदे, कंबर कायमची जायबंदी केली. पुढे त्याच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या आणि उरलेले आयुष्य त्याने स्वतः जुनाट दुखण्यासह काढले.

दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना त्याच्या लक्षात आले की जखम भरल्यानंतरही दुखत राहणाऱ्या सैनिकांचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नाही. हाडांचा डॉक्टर हाडापुरते पाही, मेंदूचा डॉक्टर चेतातंतूपुरते. त्याने सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवले. १९५३ मध्ये त्याने दुखण्याच्या उपचारांवर सुमारे दीड हजार पानांचा ग्रंथ लिहिला. सिॲटलच्या विद्यापीठात भूलतज्ज्ञ, शल्यविशारद, मानसशास्त्रज्ञ, व्यायामोपचारतज्ज्ञ एकत्र काम करतील असे दवाखान्याचे रूप त्याने उभे केले. १९७३ मध्ये त्याच्या पुढाकाराने भरलेल्या बैठकीतून दुखण्याच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना जन्मली.

त्याच सिॲटलमध्ये विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट टिपली. जुनाट दुखण्याचे रुग्ण दुखणे असह्य होईपर्यंत काम करत, मग आडवे होत आणि गोळी घेत. म्हणजे विश्रांती आणि गोळी ही दोन्ही ‘बक्षिसे’ दुखणे वाढण्याला बांधलेली होती. शिक्षकांना हे लगेच समजेल. ज्या वागण्यामागे बक्षीस येते ते वागणे पक्के होते. फोर्डाइसने क्रम उलटवला. दुखणे सुरू होण्याआधीच थांबता येईल इतकाच कामाचा वाटा ठरवायचा. वाटा पूर्ण झाला की विश्रांती, दुखत असो वा नसो. दर आठवड्याला वाटा थोडा वाढवायचा. गोळी घड्याळाप्रमाणे, दुखण्याप्रमाणे नाही. यात दुखणे पार नाहीसे होते असे त्याने सांगितले नाही. पण महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली, घरकाम करू लागली. यशाची मोजपट्टीच त्याने बदलली. ‘किती दुखते?’ याच्या जोडीला ‘काय करता येते?’ हा प्रश्न आला.

भोंगा बंद होत नाही

ताजे दुखणे म्हणजे कारखान्याच्या भोंग्यासारखे आहे. धोका आहे, सावध व्हा, असे ते सांगते. जखम भरली की भोंगा थांबावा. बहुतेकांची ताजी कंबरदुखी काही आठवड्यांत पुष्कळ कमी होतेही. पण काहींच्या बाबतीत भोंगा वाजवणारी यंत्रणाच हळवी होऊन बसते. क्लिफर्ड वुल्फने १९८३ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले की दुखापतीचा मारा झाल्यावर मेरुरज्जूतल्या चेतापेशी स्वतःच अधिक संवेदनशील होतात. मग साधा स्पर्शही दुखण्यासारखा पोचू लागतो. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या दुखण्याला आता जुनाट दुखणे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून अमलात आले, त्याला स्वतंत्र स्थान आहे.

मग ‘मणक्यातल्या गॅप’चे काय? १९९४ मध्ये अमेरिकेत कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांच्या मणक्यांचे एमआरआय काढले गेले. त्यांच्यापैकी फक्त ३६ टक्के लोकांच्या सगळ्या चकत्या नेहमीसारख्या होत्या. बाकीच्यांच्या कुठे ना कुठे फुगलेल्या किंवा सरकलेल्या होत्या, आणि त्यांना काहीही होत नव्हते! वयाबरोबर केस पांढरे होतात तशा चकत्याही झिजतात. म्हणून चित्रात दिसलेला बदल हेच दुखण्याचे कारण असे लगेच मानता येत नाही. आणि चित्र स्वच्छ असेल तर दुखणे खोटे, असेही म्हणता येत नाही.

विश्रांतीचेही तसेच झाले. कंबर धरली की आठ-पंधरा दिवस फळीवर झोपा, हा सल्ला एके काळी सर्रास मिळे. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस पडून राहायला सांगितले. दोन दिवसवाले कुठेच मागे पडले नाहीत, उलट त्यांची कामावरची गैरहजेरी ४५ टक्क्यांनी कमी होती.

आश्वासनांची किंमत

‘पूर्ण घालवतो’ असे आश्वासन दिले गेले तेव्हा काय झाले, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले अमेरिकेचे. अफूपासून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेगळे झाले आणि ते आजही उत्तम वेदनाशामक आहे. पण १९९६ पासून अफूच्या जातीची तीव्र औषधे जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखीसाठी व्यसनाचा धोका नगण्य असल्याचे भासवून खपवली गेली. लाखो लोक त्यात अडकले, असंख्य दगावले, आणि २००७ मध्ये अशा औषधाच्या उत्पादक कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. २०१८ मध्ये २४० रुग्णांवर वर्षभर केलेल्या चाचणीत कंबर, गुडघा, खुबा यांच्या जुनाट दुखण्यावर ही औषधे साध्या औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत.

दुसरे उदाहरण आपल्या दाराशी आहे. ओटीपोट आणि कंबर दुखते, अंगावरून जाते, म्हणून दवाखान्यात गेलेल्या ऊसतोड स्त्रियांना ‘पिशवी काढली की सुटाल’ असे सांगितले जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये पुढे आल्या. राज्य सरकारने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे दर सहा जणींत जवळपास एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांचे वयोगट सारखेच आहेत असे नाही, तरी फरक डोळ्यांत भरतो.

गाठी, अतिरक्तस्राव, कर्करोग अशा कारणांसाठी ही शस्त्रक्रिया कधी आवश्यकच असते. पण मोळ्या उचलून दुखणारी कंबर गर्भाशय काढल्याने कशी थांबेल? आणि सोबत बीजकोशही गेले तर तरुण वयात पाळी जाते, हाडे विरळ होऊ लागतात, म्हणजे दुखण्यात भरच. ‘दोरी कापली की घंटा बंद’ हा देकार्तच्या चित्राचा निष्कर्ष इथे किती महाग पडला पाहा. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी लागू करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला.

मग अपेक्षा काय ठेवावी?

प्रामाणिक उत्तराचा पहिला भाग आकड्यांचा आहे. दुखण्याला ० ते १० गुण द्यायला सांगतात. जुनाट दुखण्यात दोन गुणांची, म्हणजे सुमारे ३० टक्क्यांची घट झाली तरी रुग्णाला ती जाणवते आणि मोलाची वाटते. चेतातंतूंच्या दुखण्यावर वापरल्या जाणाऱ्या अमिट्रिप्टिलिनसारख्या औषधांचा हिशोब असा लागतो : सुमारे चार जणांना औषध दिले तर, खोट्या गोळीने झाले असते त्यापलीकडे, एकाचे दुखणे निम्म्यावर येते. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिनच्या बाबतीत त्यासाठी सहा ते आठ जणांना औषध द्यावे लागते. म्हणजे एक औषध लागू पडले नाही तर तो रुग्णाचा दोष नाही आणि डॉक्टरची फसवणूकही नाही. पण काही आठवड्यांत उपयोग दिसला नाही, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करून दुसरे पाहावे. वर्षानुवर्षे ओढत नेऊ नये.

जुनाट कंबरदुखीवरच्या व्यायामाच्या २४९ चाचण्यांचा २०२१ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. काहीच न करण्यापेक्षा व्यायामाने दुखणे १०० पैकी सरासरी १५ गुणांनी कमी होते, असे दिसले. फार नाही, पण खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दुखण्याची नीट समजूत देणे, व्यायाम, काही मानसोपचार आणि गरजेपुरती सूजविरोधी औषधे यांना स्थान आहे. कंबरेचे पट्टे, वजन लावून ओढणे आणि अफूजन्य औषधे नित्याचा उपचार म्हणून वापरू नयेत, असे त्यात म्हटले आहे. सूजविरोधी गोळ्या दीर्घकाळ आपल्या मनाने घेतल्या तर जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे दुबळी होतात, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा भाग प्रश्नांचा आहे. उपचार सुरू करताना रुग्णाने विचारावे : या उपचाराने मला काय करता येऊ लागेल? कधीपर्यंत कळेल? नाही लागू पडला तर पुढे काय? धोका काय? शस्त्रक्रिया सुचवली असेल तर, न केल्यास काय होईल, आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेऊ का? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. चांगला डॉक्टर त्यांचे स्वागतच करील. आणि डॉक्टरकडूनही एक अपेक्षा ठेवावी, की तो आधी विश्वास ठेवील. आंतरराष्ट्रीय संघटनेने दुखण्याची व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा माणूस आपल्या दुखण्याविषयी जे सांगतो त्याचा आदर राखला जावा, हे तिच्यासोबत स्पष्ट लिहिले.

मात्र काही खुणा दिसल्या तर थांबू नये. पायातली ताकद जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, दुखण्याबरोबर ताप किंवा कारण नसताना वजन घटणे, पडल्यानंतर लागलेली तीव्र कळ. यांत तातडीने मोठ्या रुग्णालयात जावे.

कर्करोगाच्या दुखण्याचा हिशोब वेगळा आहे. तिथे ‘सोसा’ म्हणणे हाच अन्याय. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये पायऱ्यापायऱ्यांनी औषधे वाढवण्याची पद्धत सांगितली, आणि तिने बहुतेक रुग्णांना आराम देता येतो. त्याच वर्षी मुंबईत शांती अवेदना आश्रम हे असाध्य कर्करुग्णांसाठीचे देशातले पहिले शुश्रूषागृह सुरू झाले. १९९७ पासून पुण्यात वारजे येथे सिप्लाचे परिहार सेवा केंद्र आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन मिळणे फार अवघड करून ठेवले होते; २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत झाले. बारामती-इंदापूरच्या कर्करुग्णाच्या नातेवाइकांनी मॉर्फिनविषयी डॉक्टरांना निःसंकोच विचारावे. तो त्यांचा हक्क आहे.

वाटा कोण ठरवणार?

आता सुरुवातीच्या फडाकडे परत जाऊ. फोर्डाइसची पद्धत आठवा : दुखण्याआधी थांबा, वाटा हळूहळू वाढवा. पण उचल घेऊन आलेल्या जोडीला आपला वाटा ठरवता येतो का? एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. भरलेली गाडी रात्री दोनला आली तरी उठावे लागते. अशा बाईला ‘जड उचलू नका, रोज चाला, काळजी करू नका’ हा सल्ला शास्त्राला धरून असला तरी तिच्या कामाचा नाही. तिच्या फाटकावर वरून जे हुकूम येतात, ते उचलीचे, झोप मोडल्याचे आणि मुलांच्या काळजीचे आहेत. शिवाय तिचा भोंगा नुसता हळवा झालेला नाही. धोकाही रोज नव्याने होतोच आहे. म्हणून हलकी मोळी, चढवण्याची सोय, आठवड्याची भरपगारी सुट्टी, फडाजवळ पाणी आणि शौचालय हीसुद्धा जुनाट दुखण्याच्या उपचाराची अंगे आहेत. कालव्याच्या पाण्याने या तालुक्यांत जे घडवले, त्याच्या हिशोबात ही बाजूही धरली पाहिजे.

शिक्षक यात काय करू शकतात? मेल्झॅकने १९७५ मध्ये दुखणे मोजण्यासाठी एक प्रश्नावली केली, तेव्हा लोकांच्या तोंडचे ७८ शब्द २० गटांत लावले. आपल्या वर्गात हा खेळ करून पाहा. ठणका, कळ, चमक, उसण, सल, रग, शिणक, ठुसठुस, आग, मुंग्या... मुले घरी विचारून आणखी आणतील. कोप्यांतून आलेली मुले कदाचित सगळ्यांत जास्त शब्द आणतील. त्यातला प्रत्येक शब्द डॉक्टरला काहीतरी वेगळे सांगतो : आग आणि मुंग्या चेतातंतूंकडे बोट दाखवतात, शिणक स्नायूंकडे. आणि ज्या आईला आजवर कोणी ‘नेमके कसे दुखते?’ असे विचारलेच नव्हते, तिला तिच्या मुलाने ते विचारलेले असेल.

‘पूर्ण जाईल ना?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच आहे. पण त्या उत्तरापुढे स्वल्पविराम आहे, पूर्णविराम नाही. दुखणे कमी होईल, झोप लागेल, पोराला कडेवर घेता येईल, आणि नको ती शस्त्रक्रिया टळेल. एवढे मागण्याचा हक्क प्रत्येक दुखणेकऱ्याला आहे.